भास्कराचार्य : गती, गुरुत्व आणि पाटणचा मठ

इयत्ता सातवी-आठवीच्या विज्ञानात बल, गती, घर्षण आणि गुरुत्वाकर्षण हे विषय सुरू झाले की दरवर्षी एक प्रश्न हमखास माझ्यापर्यंत येतो. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेला जो शिक्षक बसतो तो सर्व विषयांचा असतो. शिवाय विज्ञानाचे सर असे प्रश्न हेतुपुरस्सर माझ्याकडे पाठवतात. प्रश्न असा की, गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी लावला हे खरे काय? मुलांनी ते कुणाच्या तरी मोबाईलवर वाचलेले असते. काहींचा चेहरा अभिमानाने फुललेला असतो, काहींचा संशयाने आक्रसलेला. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, हा माझा अनुभव आहे. स्मरणिका समितीने एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्यास सुचवले तेव्हा मी न्यूटन किंवा गॅलिलिओ न निवडता भास्कराचार्य निवडले. एका सहकाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटले. बौद्धांचे मत खोडून काढणाऱ्या आचार्याचे चरित्र बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ साली झाला. प्राचीन भारतीय पंडितांच्या बाबतीत जन्मवर्ष इतके निश्चित असणे विरळा. येथे ते आहे, कारण आपण कोणत्या शकात जन्मलो आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. यावरून ग्रंथाचे वर्ष ११५० ठरते. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव आणि शांडिल्य हे आपले गोत्र, असेही ते सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते यावर विद्वानांत शतकभर वाद झाला. कुणी विजापूर म्हटले, कुणी बीड, कुणी बिदर, तर कुणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत त्यास आधार सापडत नाही.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराण्याची विद्या कित्येक पिढ्यांची. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कर, अशी सलग नावे पुढे एका शिलालेखात कोरली गेली. पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हेही विद्वान निघाले. एका घरात इतक्या पिढ्या विद्या टिकली याचे कौतुक वाटते. त्याच वेळी इतिहासाच्या शिक्षकाच्या मनात दुसरा विचार आल्यावाचून राहत नाही. ज्या घरांना अक्षराचा स्पर्शच होऊ दिला गेला नाही, त्या घरांत त्याच काळात किती भास्कर जन्मून गेले असतील?

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. भास्कराचार्य जन्मले तेव्हा कल्याणीच्या चालुक्य गादीवर सहावा विक्रमादित्य होता. ते ऐन पन्नाशीच्या आसपास असताना कल्याणीस कलचुरी बिज्जलाचे राज्य आले, आणि त्याच नगरीत बसवण्णांनी जातिभेदावर प्रहार करणारे शरणांचे आंदोलन उभे केले. उतारवयात त्यांनी देवगिरीच्या यादवांचा उदय पाहिला. दख्खन अशी ढवळून निघत असताना हा मनुष्य ग्रहांच्या गती मोजत बसला होता. बसवण्णांच्या चळवळीचा कोणताही पडसाद त्यांच्या गणितात उमटलेला दिसत नाही.

‘सिद्धांतशिरोमणी’चे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. ‘लीलावती’ हे अंकगणित आणि भूमितीचे पुस्तक. त्यातील उदाहरणे हत्ती, भुंगे, कमळे आणि व्यापारी यांनी गजबजलेली आहेत. एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबापासून सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे निघतो आणि त्याला पाहून मोर तिरका झेपावतो. दोघांचा वेग सारखा. तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? उत्तर बारा हात. साप पंधरा हात सरपटतो, मोरही पंधरा हात उडतो. वेग सारखा असेल तर सारख्या वेळेत सारखे अंतर, एवढी गतीची साधी गोष्ट आणि काटकोन त्रिकोण यांचा मेळ बसला की उत्तर हाती येते. हे उदाहरण सोडवलेल्या मुलाला चाल, वेळ आणि अंतर यांचे सूत्र घोकावे लागत नाही.

याच ‘लीलावती’विषयी एक कथा सर्वांना ठाऊक असते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाची घटिका घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकली, ती संसाराला मुकली, आणि तिचे सांत्वन करण्यासाठी पित्याने हा ग्रंथ रचला. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. आमच्या मुलींच्या वसतिगृहात मी ती सांगत नाही. मुलीने गणित शिकावे ते लग्न मोडल्याच्या दुःखावर उतारा म्हणून, हा त्या कथेचा सूर मला मान्य नाही. ज्या जिल्ह्यात सावित्रीबाईंनी १८४८ पासून मुलींना शिकवले, तेथे तर मुळीच नाही.

बीजगणितात त्यांची झेप फार मोठी आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग आला पाहिजे, तर ती संख्या कोणती? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे, आणि ते भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने काढले. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. या एका गोष्टीवरही त्यांची थोरवी सिद्ध होते. खोट्या गोष्टींची भर घालून ती वाढवावी लागत नाही, हे मला म्हणायचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘गोलाध्याया’त भास्कराचार्य विचारतात की पृथ्वी कशावर उभी आहे. पुराणांनी शेष, कूर्म, हत्ती असे आधार सांगितले होते. आचार्यांचा युक्तिवाद असा : पृथ्वीला एक आधार मानला तर त्या आधाराला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा, हे संपतच नाही. शेवटी कुठेतरी थांबून अमुक एक आपल्या शक्तीनेच उभा आहे असे म्हणावे लागेल. मग ते पृथ्वीविषयीच का म्हणू नये? ती आकाशात निराधार आहे. तिच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे, त्या शक्तीने ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढते, आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच असल्यामुळे पृथ्वी स्वतः पडणार तरी कोठे? पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे, पाण्याकाठी उभ्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी, आपल्या दृष्टीने उलटी असली तरी आपल्याइतकीच सुखाने उभी असतात, असेही ते म्हणतात. पृथ्वी सपाट का दिसते याचेही उत्तर ते देतात : परिघाचा शंभरावा भाग कोणत्याही वर्तुळाचा सपाटच भासतो, आणि पृथ्वीपुढे माणूस फार लहान आहे.

खाली म्हणजे काय, याचे हे उत्तर आहे. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. सातवीतल्या मुलाला हे पटवणे आजही सोपे नसते.

याच प्रकरणात बौद्धांशी वाद येतो. आकाशात आधाराशिवाय जड वस्तू राहू शकत नाही, म्हणून पृथ्वी सतत खाली पडत आहे, असे मत काही बौद्धांच्या नावावर नोंदलेले आहे. भास्कराचार्य बौद्धाला उद्देशून म्हणतात की, वर फेकलेली जड वस्तू पुन्हा जमिनीवर येते हे रोज पाहूनही पृथ्वी खाली जात असल्याची तुझी कल्पना व्यर्थ नाही काय? त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक विहार ओस पडले होते. म्हणजे समोर उत्तर द्यायला बौद्ध नव्हता. वाद ग्रंथातल्या बौद्धाशी चालला होता. हे एक इतिहासकार म्हणून मी नोंदवतो. परंतु युक्तिवाद कसा आहे हे पाहताना तो कोणाविरुद्ध आहे हे बाजूला ठेवले पाहिजे. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नये, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपल्या बाजूच्या मतालाही लागू होते.

युक्तिवाद तपासून पाहू. समजा, पृथ्वी आणि तिच्यावरचे सारे काही एकाच चालीने खाली पडत आहे, आणि पृथ्वीला स्वतःची ओढ नाही. अशा वेळी आपण दगड वर फेकला तर तो परत येणार नाही, आपल्यापासून दूरदूरच जात राहील. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात हातातून सुटलेली वस्तू तळाशी पडत नाही, तरंगते, ती याच कारणाने : स्थानक आणि वस्तू दोन्ही एकत्र पडत असतात. अंगणात फेकलेला चेंडू मात्र परत हातात येतो. म्हणजे पृथ्वीच त्याला ओढते. भास्कराचार्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि या वादात त्यांची बाजू खरी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण गंमत पुढे आहे. पृथ्वी अचल आहे, असेही भास्कराचार्य त्याच ओघात म्हणतात. अग्नीत उष्णता, पाण्यात द्रवता, दगडात कठीणपणा, तशी पृथ्वीत स्थिरता हा तिचा स्वभाव. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले होते आणि चालत्या नावेतून काठ मागे जाताना दिसतो तो दृष्टांत दिला होता. भास्कराचार्यांनी ते मत घेतले नाही. आजचे विज्ञान सांगते की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवतीही फिरते, आणि सूर्याभोवती फिरणे म्हणजे सूर्याकडे सतत पडत राहणे. फक्त आडव्या वेगामुळे ती सूर्यावर आदळत नाही. तेव्हा पृथ्वी पडत आहे हे शब्द अगदीच खोटे नव्हते! परंतु यावरून कोणी बौद्धांनी हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची कक्षा शोधली असे लिहू लागला, तर तीही मोबाईलवरचीच विद्या ठरेल. त्या बौद्धांना सूर्याची ओढ ठाऊक नव्हती. एका चुकीच्या कारणातून ते एका विचित्र वाक्यापाशी पोहोचले होते, इतकेच.

मग न्यूटनने वेगळे काय केले? पृथ्वी वस्तूंना ओढते हे भास्कराचार्यांच्या आधी ब्रह्मगुप्तांनीही सातव्या शतकात म्हटले होते. न्यूटनने ती ओढ किती, हे सांगितले. १६८७ च्या ग्रंथात त्याने मांडले की विश्वातील प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, आणि अंतर दुप्पट झाले की ओढ चौथा हिस्सा उरते. चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. म्हणून तेथे पृथ्वीची ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी कमी असली पाहिजे. झाडावरून सुटलेले फळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. चंद्र सरळ रेषेत न जाता वळतो, तेव्हा तो पृथ्वीकडे किती पडला हे मोजले तर तेवढेच अंतर पडायला त्याला एक मिनिट, म्हणजे साठ पट वेळ लागतो. हिशेब जुळतो. फळ आणि चंद्र एकाच नियमाने पडतात हे असे सिद्ध झाले. भास्कराचार्यांच्या विचारात पृथ्वीची ओढ चंद्रापर्यंत पोहोचत नाही. चंद्र आणि ग्रह यांना प्रवह नावाचा वारा फिरवतो, अशी त्यांची समजूत होती.

वारा कशाला लागला, हे मुलांना समजावून देण्यासारखे आहे. आमच्या खुटबावच्या रस्त्यांवर गळिताच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्या दिसतात. बैल थांबले की गाडी थांबते. हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला वाटणारच की गती टिकायची तर कोणीतरी ढकलत किंवा ओढत राहिले पाहिजे. ग्रीसच्या ॲरिस्टॉटललाही तसेच वाटले आणि दोन हजार वर्षे बहुतेकांना तसेच वाटत आले. गाडी थांबते ती बैलाने ओढणे सोडले म्हणूनच केवळ नव्हे. आख आणि चाक, चाक आणि रस्ता यांच्यातील घर्षण तिला थांबवते. आखाला वंगण दिले की बैलाचे कष्ट कमी होतात, हे गाडीवान शतकानुशतके जाणत होता. घर्षण पूर्णपणे नाहीसे झाले तर चालू लागलेली वस्तू चालतच राहील, हा विचार गॅलिलिओने सतराव्या शतकात पुढे नेला. घर्षण सर्वत्र होते म्हणून गतीचा खरा नियम झाकलेला राहिला. गाडीवानाचे हाताचे ज्ञान आणि पंडिताचे पोथीचे ज्ञान एका पंगतीत बसले असते तर तो आपल्याकडे लवकर उघडा पडला असता काय, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे नुसता ठेवतो.

गतीच्या बाबतीत मात्र भास्कराचार्यांनी एक पाऊल असे टाकले की त्याचे वर्णन सावकाश केले पाहिजे. चंद्राची चाल दिवसभर सारखी नसते. कालच्या आणि आजच्या स्थानातील फरक ही त्याची दिवसाची गती झाली. पण या क्षणी तो किती वेगाने चालला आहे? ग्रहणाची किंवा तिथीची वेळ अचूक काढायची तर हा क्षणाचा वेग लागतो. खुटबाव स्टेशनातून सुटलेली गाडी पुण्याला दोन तासांत पोहोचली, यावरून तिची सरासरी चाल निघते. ती फलाटावरून नुकतीच हलते तेव्हाची, यवत जवळ आल्यावर मंदावते तेव्हाची चाल निराळी. भास्कराचार्यांनी स्थूल गती आणि तात्कालिक गती असा भेद केला आणि तात्कालिक गती काढण्याची रीत दिली. तिच्यात ज्येच्या सूक्ष्म फरकाचे प्रमाण कोटिज्येवरून काढलेले आहे. पुढे युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी ज्या कलनशास्त्राची इमारत उभी केली, त्याची एक वीट येथे दिसते. काशीचे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ साली विद्वानांचे लक्ष याकडे वेधले. मला विचाराल तर अभिमान बाळगावा तो या तात्कालिक गतीचा. गुरुत्वाकर्षणाच्या दाव्यापेक्षा तो कितीतरी पक्क्या पायावर उभा आहे.

आणि त्यांची चूकही शिकवण्यासारखी. ‘गोलाध्याया’च्या यंत्रविषयक भागात त्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाची कृती दिली आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, सर्व एकाच बाजूला किंचित कललेले. प्रत्येक आऱ्यात अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंड बंद करायचे. चाक दोन आधारांवरील आखावर ठेवले की एका बाजूचा पारा धावेकडे, दुसऱ्या बाजूचा आखाकडे सरकेल आणि चाक सतत फिरत राहील, अशी कल्पना. तसे होत नाही. एका बाजूचा पारा आखापासून दूर असला तरी दुसऱ्या बाजूला जास्त आरे वर चढत असतात. हिशेब बरोबरीत सुटतो. हाताने गती दिली तर ती आखाचे घर्षण आणि हवेचा अडथळा खाऊन टाकतात. असे चाक करण्याचा मोह पुढे युरोपालाही शतकानुशतके होता. अखेर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवले की अखंड चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. भास्कराचार्यांनी हे चाक स्वतः करून पाहिले असते तर ती ओळ ग्रंथात राहिली नसती, असे मला वाटते. ज्या माणसाने साऱ्या यंत्रांत बुद्धी हे यंत्र श्रेष्ठ मानले आणि नुसत्या एका काठीने उंची-अंतरे मोजून दाखवली, त्याच्याकडून हे घडावे याची चुटपुट लागते.

दुसरी एक तडजोड याहून गंभीर आहे. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे भास्कराचार्य पूर्णपणे जाणतात आणि त्याचे गणित करतात. तरीही श्रुती-स्मृती-पुराणांशी विरोध येऊ नये म्हणून ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, असे ते म्हणून ठेवतात. गणित सावलीचे, मान राहूचा! ग्रहणात आजही गरोदर बाईला घरात कोंडणाऱ्यांना त्यामुळे पोथीचा आधार उरला.

शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांना सोयीचा ग्रंथ रचला. त्यानंतरची त्यांची कृती उपलब्ध नाही. पण त्यांच्या नावाची गोष्ट तेथे संपली नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढचा आहे.

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर सातमाळा डोंगरांच्या कुशीत पाटण आहे. तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेखाकडे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांचे लक्ष वेधले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने त्याला दान दिले. दानाची तिथी शके ११२८ ची श्रावणी पौर्णिमा, वेळ चंद्रग्रहणाची. सावलीचे गणित मांडणाऱ्याच्या मठाला दान मिळाले तेही ग्रहणाचे पुण्य साधून.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा आहे. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत, कारण तेथे बाजारातल्या माणसांना समजण्याची गरज होती. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला द्यावे, असा त्यांचा आशय आहे. घराण्याची थोरवी संस्कृतात, वसुली मराठीत.

घाण्याचे तेल देणाऱ्याच्या मुलाला त्या मठात प्रवेश होता काय? याचे उत्तर खुद्द भास्कराचार्यांनी ग्रहगणिताच्या आरंभी देऊन ठेवले आहे. ज्योतिष हा वेदाचा डोळा, म्हणून ही पवित्र आणि गूढ विद्या द्विजांनी शिकावी, असे ते लिहितात. पृथ्वी सर्व जड वस्तूंना सारखीच ओढते हे ज्याने सांगितले, त्याच्या विद्येची ओढ मात्र काही कुळांपुरती होती. यात एका माणसाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तो त्या समाजाचा नियम होता. पण नियम कोणी मोडला नाही, आणि त्याची किंमत विद्येने चुकवली. पाटणच्या मठातून दुसरा भास्कर निघाला नाही. त्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या गेल्या, पंचांगे निघाली, कुंडल्या मांडल्या गेल्या. ‘लीलावती’ इंग्रजीत येऊन मुंबईत १८१६ साली छापली गेली, तेव्हा कुठे ती ज्याला विकत घेता येईल त्याची झाली. मराठी वाचकाला भारतीय ज्योतिषाचा समग्र इतिहास १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी दिला. ते पेशाने शिक्षक होते, हे सांगताना मला थोडा जास्त आनंद होतो.

त्याच सातमाळ्यात पाटणपासून जवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, मठाच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी कोरायला घेतलेली. तेथील दात्यांची नावे दगडावर आहेत : पैठणच्या गंध्यांच्या कुळातला मितदेव, राजवैद्य मगिल. यक्षाची मूर्ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचेही नाव त्याच्या मूर्तीवर आहे. पाटणच्या शिलालेखात घाणेवाल्यांपैकी एकाचेही नाव नाही. फक्त घाण्यांचा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहता येतात. आमच्या मुलांना मी दोन्ही दगड दाखवू इच्छितो.

या डोंगरांपलीकडे औरंगाबादेस बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय काढले आणि त्यालाच पुढे नाव दिले मिलिंद, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. आमच्या शाळेच्या पायाभरणीलाही ज्यांनी हातभार लावला त्यांत शेतमजूर होते, गुऱ्हाळावर राबणारे होते, रेल्वेतले गँगमन होते. त्यांची नावे या स्मरणिकेत मागील पानांवर छापली आहेत. त्यांची मुले आणि नातवंडे आज याच शाळेत भास्कराचार्यांचे मोराचे उदाहरण सोडवतात.

गेल्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलांनी भास्कराचार्यांचे चाक केले. पारा विषारी, म्हणून सायकलच्या जुन्या रिंगला प्लॅस्टिकच्या नळ्या तिरक्या बांधून त्यांत रंगीत पाणी अर्धे अर्धे भरले. हाताने एकदा फिरवून सोडले आणि फेरे मोजले. चाक थांबले. मग आसाला तेल घालून तितक्याच जोराने पुन्हा फिरवले. फेरे वाढले, पण चाक थांबलेच. पाहुण्यांपैकी एका गृहस्थांनी, मॉडेल चालत नाही तर मांडले कशाला, असे विचारले. चाकापाशी उभ्या असलेल्या मुलीने त्यांना ते का चालत नाही हे दहा मिनिटे समजावून सांगितले, आणि शेवटी चाक त्यांच्याच हाती देऊन फेरे मोजायला लावले.